पाय कापलेले आकडे

गल्लीच्या तोंडाशी गजकवाल्याची, म्हणजे तिळाच्या चिक्कीवाल्याची, गाडी उभी राहिली की मला राग यायला लागतो. हे काही बरं लक्षण नव्हे, मान्य आहे. दिल्लीतल्या इतर माणसांना गजक बघून रजईतली दुपार आठवते, शेकोटी आठवते. मला मुकुंदराव आठवतात. मग घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असते, आणि त्या भांडणात दरवेळी मीच जिंकते.

यंदाही गाडी आली, शेजारच्या चोप्राबाईंनी लोहडीची रेवडी पाठवली आणि मी तीळ भाजायला घेतले. तीळ तडतडायला लागले की हात थांबवायचा नसतो. लक्ष हललं की तळचे तीळ करपतात आणि सगळ्या लाडवांना कडवट चव लागते. माझं लक्ष हललं, कारण नेमका तेव्हाच मुकुंदरावांचा फोन आला. "नंदाताई, ती तुमची मोजायची काठी आहे ना, ती जरा हवी होती. संक्रांत झाली की इंजिन बांधायला घेतोय." आवाजात नेहमीचा गोडवा. मी "बघते, काका" म्हणाले आणि फोन ठेवला. कढईतून धूर येत होता.

ती काठी स्वयंपाकघरातच असते, लाटण्याशेजारच्या खिळ्याला. पेन्सिलीहून थोडी जाड, पोकळ पोलादी नळी, मधोमध कापून आत आटे पाडलेले, त्यामुळे फिरवली की लांब होते, उलटी फिरवली की आखूड. पाहुणे विचारतात हे काय. मी सांगते, माप आहे. कसलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातून फौजेत गेले आणि उभा जन्म गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढला. छावण्यांमागून छावण्या झाल्या, शेवटची बदली दिल्लीला झाली, आई गेली आणि ते गुरुग्रामला माझ्याकडे राहायला आले, ते एकटे आले नाहीत. मागून टोचनाला बांधून एक लांबलचक अमेरिकन गाडी आली. कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून निघून भंगारात पोचलेली, आठ सिलिंडरची, पिस्त्याच्या रंगाची. माझा नवरा सुधीर दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "अच्छा, म्हणजे आपली गाडी आता रस्त्यावर." त्या दिवसापासून आमची साधी गाडी रस्त्यावर आणि आबांची पोर्चमध्ये.

दिल्लीतली आमची मोजकी मराठी घरं, ज्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे, ती संक्रांतीला आपापल्या गाड्या काढून पानिपतला १७६१च्या लढाईच्या जागी, काळ्या आंब्यापाशी जातात. फुलं वाहायची, माथा टेकायचा, डबे उघडायचे, परत फिरायचं. रांगेत पहिली गाडी आबांची असे. आबांनी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला होता: काळ्या आंब्याच्या स्मारकाला हात लावल्याशिवाय संक्रांतीचा तिळगूळ तोंडात घालायचा नाही, आणि तिथे जायचं ते आपण बांधलेल्या गाडीतून. आमच्या घराण्यातलं कोणी त्या लढाईत गेलं होतं का, असं मी एकदा विचारलं. "गेलंच असणार," आबा म्हणाले. "माणातनं कोण गेलं नाही?" पुरावा वगैरे काही नव्हता. पण गाडी मुर्थलच्या पुढे गेली की ते खिडकीची काच खाली करत आणि धुक्यात बघत बसत, आणि कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

मग एका उन्हाळ्यात इंजिन तापलं. गॅस्केट, म्हणजे सांध्यात दाबून बसवलेला पातळ थर, फुटलं, दोन्ही हेड वाकली. हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, सिलिंडरांवरचं झाकण. ते वाकलं की त्याचा तळ मशीनवर घासून पुन्हा सपाट करून घ्यावा लागतो. मुकुंदरावांचं फरिदाबादला मशीन शॉप. आमच्या त्या मंडळींचे ते म्होरके, जिभेवर साखर, कुणाचं काही अडलं की पुढे. आबांनी विश्वासाने हेड त्यांच्या हवाली केली. परत आली तेव्हा आबांनी पोर्चमध्ये उभं राहून एकच प्रश्न विचारला, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

"जास्त घासलं असंल तर पुशरॉड बदलावे लागतील. किती घासलंत?"

"छे हो आबा. नावापुरतं. केसाएवढं. जुनेच घाला बिनधास्त."

केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पुशरॉड ही साधी गोष्ट आहे. खाली इंजिनाच्या पोटात कॅम, म्हणजे उंचवट्यांचा दांडा, फिरतो, वर डोक्यात व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, आणि खालचा धक्का वर पोचवायचं काम या काठ्या करतात. आठ सिलिंडर, सोळा काठ्या. हेड घासलं की ते त्याच्या जागी खाली बसतं. काठी मात्र तेवढीच राहते, म्हणजे आता त्या जागेला ती लांब झाली. तिच्या बुडाशी टॅपेट असतो आणि टॅपेटच्या पोटात तेलाची गादी. काठीने त्या गादीत जरासं रुतून बसायचं असतं. लांब काठी पार तळाला जाऊन टेकते, आणि इंजिन तापलं की व्हॉल्व्हला नीट मिटूच देत नाही. फट राहते, फटीतून आग निसटते, व्हॉल्व्ह जळतो. यातली वाईट गोष्ट अशी की हे सगळं होईपर्यंत गाडी फार शांत चालते. आखूड काठी खडखडाट करते, बोंब मारते, मालकाला जागं करते. लांब काठी अगदी गोड बोलते.

त्या संक्रांतीला गाडी अशीच गोड बोलत निघाली. मी चालवत होते, कारण मोतीबिंदूमुळे आबांना धुक्यातलं दिसत नव्हतं. सोनीपत गेलं आणि एक सिलिंडर सुटला, पेटेनासा झाला. मग दुसरा. मुर्थलच्या ढाब्यांसमोर गाडी फटफट करत बसली ती बसलीच. मागून रांग आली, थांबली. आबा बॉनेट उघडून उभे होते, धुकं त्यांच्या मफलरवर पाणी होऊन साचत होतं, आणि हात कापत होते. ते थंडीनेही कापत होते आणि वयानेही. हायवेवरचा पोलीस म्हणाला, "ताऊ, गाड़ी साइड में लगवा लो." मुकुंदराव उतरले, बॉनेटखाली वाकून बघितल्यासारखं केलं आणि सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आबा, राग मानू नका, पण आता हात थरथरतात तुमचे. कुठल्या काठ्या कुठे बसवल्यात कोण जाणे. हेड मी स्वतः बघून दिलं होतं."

मी आबांकडे बघितलं. मला वाटलं आता भडकतील. फौजेत एका सुभेदाराला पाना फेकून मारलेला माणूस तो. पण आबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. "असंल," म्हणाले. "असंल बाबा." कुणाच्या तरी गाडीत आम्हाला जागा देत होते, आबांनी नको म्हटलं. क्रेनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आम्ही परत आलो. तिळगुळाचा डबा माझ्या मांडीवर होता आणि तो तसाच घरी आला.

दुसऱ्या दिवशी आबांनी हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यानंतर ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत ते गाडीकडे पाठ करून. शेंगा सोलत, उन्हाबरोबर खुर्ची सरकवत. चोप्राबाई विचारायच्या, "अंकलजी, गाड़ी कब चलेगी?" आबा म्हणत, "अब नहीं जी. हाथ गए." मला वाटतं माणसाची गाडी जळाली तर चालतं. घर जळालं तरी माणूस उभा राहतो. पण पन्नास वर्षं ज्या हातांनी कमावलं त्या हातांवर कुणी चारचौघांत थुंकावं, आणि त्या हातांच्या मालकाला ते पटावं, याला माफी कशी असेल?

मी डूख धरला. शब्द जुना आहे, माझ्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. ऑफिसात फायली चाळताना, मेट्रोत दांडा धरून उभी असताना मी सूड उगवत असे. कधी मुकुंदराव भर सभेत माझ्यापुढे उभे असत आणि मी त्यांना असं काही बोलत असे की पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावत. कधी मी त्यांच्या मशीनखाली त्यांचंच डोकं धरून विचारत असे, किती घासू, नावापुरतं? खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. उतरायचं हुडा सिटी सेंटर स्टेशन कधी यायचं कळायचंही नाही. पण सूड घ्यायला पुरावा लागतो, आणि मी तर बँकेतली बाई. मला व्हॉल्व्ह आणि वाटी यांतला फरक आबांमुळे माहीत, इतकंच.

दिवाळी झाल्यावर, हवेला तो धुराचा वास यायला लागला तेव्हा, मी पेटीचं कुलूप काढलं. आबांनी मागे वळून बघितलं नाही. "नंदे, हात चेचून घेशील," एवढंच बोलले. चेचून घेतलाही. पण एका रविवारी पहिलं हेड वर आलं, दोन व्हॉल्व्ह कडेने कुरतडल्यासारखे जळालेले दिसले, आणि हेड पुसताना माझं बोट त्याच्या कडेवरून फिरलं. तिथे ओतकामातच उठवलेले आकडे असतात, तळाला अगदी लागून. त्या आकड्यांना पाय नव्हते. वरचा अर्धा भाग होता, खालचा भाग सफाचट कापलेला, जणू सगळे आकडे पाण्यात उभे आहेत.

मायापुरीच्या भंगारबाजारात मी किती शनिवार घातले ते विचारू नका. "मैडम, ये तो नाम भी नहीं सुना," असं म्हणणारे दहा भेटले, अकराव्याच्या ढिगात त्याच जातीचं एक हेड निघालं. तडा गेलेलं, कामाचं नाही, पण कधीच न घासलेलं. घरी आणून मी दोन्ही हेड ओट्यावर शेजारी शेजारी पालथी घातली आणि वरून पट्टी ठेवली. पट्टी तिरकी बसली. त्याचे आकडे पूर्ण होते, पायांसकट. केसाएवढं म्हणे. एखाद्या दैत्याचा केस असेल. त्यांच्या मशीनचा पहिला हात वाकडा गेला असणार, तो लपवायला दुसरा मारला असणार, आणि मग किती गेलं हे सांगायची लाज वाटली असणार. लाज वाटली इथवर मी समजू शकते. पण ती लाज त्यांनी आबांच्या हातावर पुसली.

मला वाटलं होतं, हे आबांना तेव्हाच दाखवावं. नाही दाखवलं. नुसतं कापलेलं दाखवून काय उपयोग, आबा म्हणाले असते, तरी मला कळायला हवं होतं. मला गाडी चालती करून दाखवायची होती. दुसरी हेड मिळण्यातली नव्हती. याच घासलेल्या हेडवर नव्या मापाच्या काठ्या निवडायच्या होत्या. मी हिशेबी बाई, सोपी वजाबाकी केली. जितकं हेड घासलं तितकी काठी कापायची. खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, नमुन्याच्या दोन करून आणल्या, बसवल्या, आणि त्या जागेवर लुळ्या हलायला लागल्या. आखूड. कारण घासलेलं भरून काढायला मी जाड गॅस्केट घातलं होतं, व्हॉल्व्हच्या बैठका नव्या झाल्या होत्या, आणि यातलं काहीच माझ्या वजाबाकीत नव्हतं.

"जाग्यावर मापायचं असतं," पाठमोऱ्या आबांचा आवाज आला. शेंग फुटल्याचाही आला. "हेड पुरतं आवळल्याबिगर माप घ्यायचं नाही. गॅस्केट दबतंय." तेवढं बोलून त्यांनी पुढची शेंग घेतली. ते पाठ करून सगळं ऐकत होते हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हा ती फिरवायची काठी केली. एका जुन्या पुशरॉडचे दोन तुकडे, मध्ये आटे. हेड पूर्ण आवळायचं, ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह मिटलेले आहेत तिथे ही काठी घालायची, आणि बोटांनी फिरवत लांब करत जायचं, वरची ढील संपून काठी नुसती टेकेपर्यंत. गादीत न रुतता. मग ती काढून मोजायची आणि गादीपुरतं जरासं वाढवायचं. हे ऐकायला सोपं आहे. डिसेंबरात उघड्या पोर्चमध्ये बोटं बधिर झालेली असताना ढील संपली की बोटातली जाणीव संपली हे कळत नाही. एकेक माप मी परत परत घेतलं. इतक्या निगुतीने मी कधी देवाचं केलं नाही. भक्तीपेक्षा वैर माणसाला जास्त नीटनेटकं करत असावं.

नव्या काठ्या आल्या. त्या बरोबर आहेत का बघायची खूण अशी: काठी मोकळी टेकलेली असताना हेडच्या काठाशी तिच्यावर रेघ मारायची, मग वरचा रॉकर, म्हणजे काठीचा धक्का व्हॉल्व्हला देणारी दांडी, आवळायचा आणि रेघ किती बुडाली ते बघायचं. मार्कर तेलकट पोलादावर उठेना. मी आत जाऊन ओल्या कुंकवाची बाटली आणली, काठी पुसली आणि लाल रेघ ओढली. आवळलं. रेघ काठाखाली जराशी उतरली आणि थांबली. हवी तेवढीच.

मग मी मुद्दाम ती काठी काढून त्याच जागी जुनी घातली. रेघ मारली.

"आबा, एकदा इकडे बघा."

"मला दिसत न्हाई."

"एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? त्याने बघा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कित्येक महिन्यांनी ते गाडीकडे तोंड करून उभे राहिले. मी रॉकर आवळत गेले, लाल रेघ खाली गेली, आणखी खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि पाना अडला. काठी तळाला टेकली होती. आबा आणखी वाकले. मी त्यांचं बोट धरून हेडच्या कडेवर नेलं आणि आकड्यांवरून फिरवलं. मग मायापुरीचं हेड पुढे केलं, त्यावरूनही फिरवलं. ते बोट दोन्हीकडे पुन्हा एकदा स्वतःहून गेलं.

"इश्वास पानिपतावर गेला म्हनत्यात, ते खोटं न्हाई," आबा म्हणाले. मग बराच वेळ हात पालथे-उलथे करून बघत राहिले. "म्हंजे हात ठीक व्हते."

"ठीक होते, आबा."

त्या क्षणी गोष्ट संपायला हवी होती. चांगल्या मुलींची संपत असेल. आबांनी पेटीची किल्ली परत मागून घेतली, उरलेल्या काठ्यांपैकी निम्म्या स्वतः बसवल्या, कापत्या हातांनी, आणि एकही चुकली नाही. मी बघत होते आणि माझा राग वाढत होता. एवढं सोन्यासारखं वर्ष त्या माणसाने आबांना गाडीकडे पाठ करून बसवलं.

संक्रांतीआधीच्या रविवारी सगळ्यांनी गाड्या घेऊन जमायचं ठरलं होतं. मुकुंदरावांनीही त्या वर्षी आपल्या गाडीची हेड घासून घेतली होती, ताकद वाढते म्हणून. गाडी आली ती मांजरीच्या पावलांनी. सगळे भोवती जमले. "क्या बात है," "बिल्कुल आवाज नाही यार," चाललेलं. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले आणि ती शांतता ऐकली. ओळखीची होती.

"काका, पुशरॉड कुठले घातलेत?"

"जुनेच. नावापुरतं तर घासलंय."

आता इथे एक सज्जन बाई बोलली असती. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला मफलरवरचं पाणी आठवलं. "छान शांत चालतेय हो," मी म्हणाले. ते खूश झाले.

संक्रांतीच्या सकाळी रांगेत पहिली गाडी त्यांची होती, मागे आमची. मुर्थलच्या अलीकडे त्यांचा एक सिलिंडर सुटला. काच खाली करून बसलेल्या आबांनी मान वर केली. फटफट वाढली, पिवळे दिवे लावून त्यांची गाडी कडेला गेली. मी वेग कमी केला नाही.

"थांब," आबा म्हणाले.

"आधी काळा आंबा. येताना थांबू."

"तुला ठाव व्हतं."

"हो."

आबा समालख्यापर्यंत मागे वळून बघत राहिले. मग म्हणाले, "तिळगूळ घेतलास न्हवं?" काळ्या आंब्यापाशी त्यांनी दगडाला हात लावला आणि लाडू तोंडात घातला, आणि चावताना डोळे मिटले. त्या वर्षी मी केलेल्या लाडवांसारखे लाडू माझ्या हातून पुन्हा झाले नाहीत. येताना मुर्थलला मुकुंदराव क्रेनची वाट बघत उभे होते, काकू गाडीत शाल लपेटून बसलेल्या. मला वाटलं आता आबा विचारतील, सगळ्यांसमोर. आबांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "पुशरॉड लांब झाल्यात. जाग्यावर मापून घ्या. माझ्या पोरीकडं काठी हाय." बस. माझा वर्षभर जपलेला सूड त्यांनी दोन वाक्यांत फुकट वाटून टाकला. परतीच्या वाटेवर मी धुसफुसत गाडी चालवली. ते मजेत शेंगा खात होते.

आबा गेल्या भाद्रपदात गेले. झोपेतच गेले, वाईट काही नाही. मंडळींनी शोकसभा ठेवली. आणि मुकुंदराव उभे राहिले, डोळे ओले करून, जिभेवर तीच साखर. म्हणाले, "आबांची हौस दांडगी. शेवटी शेवटी हात थरथरायचे, काठ्याही चुकल्या एकदा, मुर्थलला गाडी बसली. पण पठ्ठ्याने नाद सोडला नाही." सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. शोकसभेत उठून भांडता येत नाही, हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं. मी हार घातलेल्या फोटोकडे बघत बसून राहिले. फोटोत आबांचे हात नव्हते, पासपोर्टसाठी काढलेला होता तो.

आबांनी त्यांना माफ केलं असेल. तो हक्क आबांचा होता, त्यांनी वापरला. मला वारशात गाडी मिळाली, पेटी मिळाली, माफी मिळालेली नाही.

तर करपलेली कढई उतरवून, खिडक्या उघडून, मी मुकुंदरावांना उलटा फोन लावला. "काठी देते की, काका. त्यात काय. पण घरी नका येऊ, मी काळ्या आंब्यापाशीच घेऊन येते. सगळे असतील, तिथेच देते." "वा, छान," ते म्हणाले. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

गाडी आज सकाळी सुरू करून बघितली. थोडा आवाज करते ती, थंडीत, असावा तेवढा. उद्या मी पहिली असेन. काळ्या आंब्यापाशी पोचल्यावर बॉनेट उघडून ठेवणार आहे, पोरंबाळं येतातच बघायला, त्यांना आकडे दाखवणार आहे आणि विचारणार आहे, यांचे पाय कुठे गेले असतील? शेजारी मायापुरीचं हेड मांडणार आहे. मग काका काठी मागायला येतील. मी देणार आहे. फक्त आधी, सगळ्यांच्या देखत, आबांनी पोर्चमध्ये विचारलेला प्रश्न त्यांना पुन्हा विचारणार आहे, त्याच शब्दांत. उत्तर येईपर्यंत काठीचं दुसरं टोक माझ्या हातात राहील.

करपलेले तीळ मी टाकले नाहीत. त्यांचाही एक लाडू वळून वेगळ्या कागदात बांधलाय. तो आधी काकांच्या हातावर ठेवीन, आणि मी गोडच बोलणार आहे.